रोझीने धरलेली जागा

१ नोव्हेंबर. मृतांचा दिवस दुसऱ्या दिवशी, म्हणून दुपारी चुन्याची बादली, कुंचला आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन कब्रस्तानात गेले. आमच्याकडे आदल्या दिवशी कबर साफ करून ठेवतात. सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर, फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. ह्यांना जाऊन सात महिने झाले होते. जागा कमी, म्हणून कुटुंबाची जुनी कबर उघडून तिच्यातच पुढच्या माणसाला ठेवतात, आणि आमच्या कुटुंबाची जुनी कबर म्हणजे रोझीची, ह्यांच्या पहिल्या बायकोची. दगडावर वर तिचं नाव, खाली ह्यांचं, त्याखाली माझ्यासाठी वीतभर कोरी जागा.

तिचा संसार दोन वर्षांचा, माझा सव्वीस. ह्यांची शुगर, ह्यांचा राग, उशीखाली लपवलेल्या तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुड्या, सगळं मी काढलं. आणि शेवटी शेजारी ती. तरुणपणी आजारात गेली, कुणाचं वाईट करायला वेळच मिळाला नाही तिला. ती सरळ स्वर्गात पोचली असणार, यात मला शंका नव्हती. हे मात्र स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात थांबले असणार. तिथल्या आत्म्यांची वाट आपल्या प्रार्थनेने मोकळी होते, अशी आमची श्रद्धा. म्हणूनच मी ह्यांच्या नावाने मिस्सा करायला फादरांना सांगत नव्हते. फादर विचारायचे, मी ‘बघते’ म्हणायचे. लवकर सुटले तर थेट तिच्याकडे जातील. त्यापेक्षा थांबू देत, मी आले की बरोबरच जाऊ. स्वर्गात नवराबायको असं काही उरत नाही, हे प्रवचनात ऐकलेलं. पण ते ऐकून कुणाचा मत्सर गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

चुना मारून झाल्यावर ह्यांच्या नावाची अक्षरं काळ्या रंगाने ठळक केली. रोझीची पुसट होती, तशीच ठेवली. मेणबत्ती लावायला गेले, तर काड्यापेटी बादलीत पडून भिजलेली. पलीकडच्या कबरीवर झेंडू मांडणारी एक अनोळखी म्हातारी हे सगळं बघत होती.

“काहून वं, एकाचंच नाव रंगवलं? वरचीनं काय घोडं मारलं तुयं?”

“ती ह्यांची पहिली,” मी म्हटलं. “आधीच वर जाऊन जागा धरून बसली आहे.”

“मंग बेस झालं न! कन्हानच्या गाडीत आधी चढलेली बाई रुमाल टाकून सगळ्यायची जागा धरते. तिच्यासंगं कोणी भांडते का? तुले उभं रायाचं काम नाही पडणार.”

हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. तिने पिशवीतून आपलीच एक मेणबत्ती काढली, पेटवून रोझीच्या नावाजवळ उभी केली आणि रिकामी काड्यापेटी मला हलवून दाखवली. “शेवटची काडी होती, बाई. तुयी आता तिच्यावरूनच लाव.” मी आभार मानायच्या आत ती फाटकाकडे चालू लागली होती.

रोझीच्या ज्योतीवरून मी ह्यांची मेणबत्ती पेटवली. दुसरा उपायच नव्हता. वाकलेली असतानाच लक्षात आलं, की ह्यांना सांभाळायची मला इतकी सवय झाली होती, की मेल्यावरही त्यांना देवाच्या हाती द्यायला मी तयार नव्हते. जणू त्याला माझ्याइतकं जमणार नाही. मत्सर तिथल्या तिथे गेला, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हटलं, प्रभू, तुझ्या घरात कोण कुठे बसेल ते तू बघ. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिच्या शेवटच्या काडीसाठी देवाचे आभार मात्र मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साआधी फादरांना गाठून प्रार्थनेसाठी दोन नावं सांगितली, आधी रोझीचं. मग घंटा व्हायच्या आत बारीक ब्रश घेऊन कबरीपाशी गेले आणि तिची अक्षरं भरली. ह्यांच्यापेक्षा जाड नाहीत, पण बारीकही नाहीत.