डाव्या खांद्याचा दस्ता

बहरीनमधल्या मुहर्रक शहरात माझं सुतारकामाचं लहानसं दुकान आहे. जुन्या घरांचे दरवाजे, खिडक्या, जाळ्या दुरुस्त करायच्या, हेच रोजचं काम. बंदुकीचा दस्ता करून दे, असं आजवर एकाच माणसानं सांगितलं. तो आमच्याच गल्लीतला बहरिनी म्हातारा. सगळे त्याला हाजी म्हणायचे.

हाजी दर थंडीत शिकारीला परदेशी जायचा. बंदूक परवान्याची, पण अगदी स्वस्तातली. दस्ता प्लॅस्टिकचा आणि आतून पोकळ. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू जीभ सुटली, पाय चालू लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. एका सकाळी काठी टेकत दुकानात आला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "उस्ताद, तुझे अब्बा दस्ते करायचे ना? मला डाव्या खांद्यासाठी एक करून दे."

रत्नागिरीकडे आमच्या गावात रानडुकरं हाकायला ठासणीच्या बंदुका असत. त्यांचे दस्ते अब्बा करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली लाकूड घासायचो. हे कधीतरी चहा पिताना मीच त्याला सांगितलं होतं. आता नाही कसं म्हणणार?

बंदूक माझ्या दुकानात आणणं कायद्यात बसत नव्हतं. राजधानी मनामातल्या परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे ती ठेवली होती. शुक्रवारी मी अक्रोडाचं लाकूड घेऊन तिथेच बसायचो. बंदुकीच्या लोखंडाला काजळी फासायची, लाकडात बसवून काढायचं आणि जिथे काळं उमटेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. हाजी समोर खुर्चीत बसून बघायचा. दस्ता गालाला लागतो तिथला फुगवटा आता उलट्या बाजूला हवा होता. तो पुन्हापुन्हा दस्त्यावर गाल टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं."

चापाचं काम दुरुस्तीवाल्यानं केलं. मूळचा चाप जड होता, ओढताना किरकिरत सरकायचा. त्यानं नवा, मुलायम बसवला. तरी हाजीचं समाधान होईना. "आणखी हलका कर. बोट लावलं की सुटली पाहिजे." दुरुस्तीवाला नुसती नकारार्थी मान हलवत राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. हाजीचा डावा हातही थरथरतो, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

शेवटी मीच बोललो. "हाजी, चाप याहून हलका केला तर तुमच्या मनात यायच्या आधीच गोळी सुटेल. पुढे कुणीही असू शकतं."

हाजी उठला आणि निघून गेला. काही दिवस गल्लीत समोर आला तरी सलामसुद्धा घेतला नाही. मग एका संध्याकाळी मुलीला घेऊन दुकानात आला. ती बँकेत नोकरीला होती. हाजी म्हणाला, "तू बोललास ते घरातल्या कुणीतरी बोलायला हवं होतं. चाप आहे तसाच राहू दे." मुलगी खाली बघत उभी राहिली.

दस्ता पुरा झाल्यावर नेमबाजीच्या मैदानावर तो मुलीबरोबर मलाही घेऊन गेला. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली. दस्ता त्याच्या डाव्या खांद्यात असा बसला की मला क्षणभर अब्बांचा चेहरा आठवला. हाजीनं गाल टेकवला, चापाकडे बोट नेलं. बोट कापत होतं. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा नेलं. मुलगी पुढे होऊन त्याचं कोपर धरणार, एवढ्यात त्यानं हात काढून घेतला.

"खलास," तो हळूच म्हणाला. "आता गोळी काढ."

मुलीनं गोळी काढली.

त्यानंतर शिकारीचा विषय त्यानं कधी काढला नाही. दुकानात यायचा, लाकडाच्या ओंडक्यावर बसायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. पुढच्या रमजानच्या आधीच तो गेला. दफनाला मीही होतो, माती दिली.

परवाना त्याच्याच नावाचा असल्यामुळे बंदूक सरकारजमा करावी लागली. दुरुस्तीवाल्यानं तिला जुना प्लॅस्टिकचा दस्ता परत बसवून दिला होता. अक्रोडाचा दस्ता कापडात गुंडाळून मुलगी माझ्याकडे आली.

"याचं आता काय करायचं?" तिनं विचारलं.

मी तो हातात घेतला. गालाजवळचा भाग वापरानं गुळगुळीत व्हायलाही सवड मिळाली नव्हती. "घरी ठेव," मी म्हणालो. "वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळ, म्हणजे तडकणार नाही."

तिनं तेल कुठे मिळेल ते विचारून घेतलं.