भूगर्भशास्त्राच्या कपाटातलं पुस्तक

"कुठं वाचलंस?" तुम्ही नुसतं ‘सर, आज फार उकडतंय’ म्हणा, चष्मा कपाळावर चढवून ते हेच विचारणार.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथपाल होते. दर शनिवारी वीस मिनिटं ते आम्हाला पुस्तक शोधायला शिकवत. खणातलं पुस्तकाचं कार्ड बघायचं, त्यावरचा नंबर टिपायचा आणि कपाटातून पुस्तक आपल्या हाताने काढायचं. प्राचार्यांशी भांडून त्यांनी कपाटं उघडी ठेवली होती. म्हणायचे, "एक शोधायला जाता नि शेजारचं घेऊन येता. ते शेजारचं महत्त्वाचं रे!"

मी जायचो ते पंख्याखाली बसायला. तरी शिकलो. इतकं की परीक्षेच्या तोंडावर अर्थशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक मी भूगर्भशास्त्राच्या कपाटात दडवलं. तो विषय आमच्याकडे नव्हताच. ती पुस्तकं कुणाच्या तरी देणगीतली. रोज तिथे उभ्याउभ्याच वाचायचो.

वार्षिक मोजणीत ते पुस्तक सापडेना. प्राचार्य आमच्यादेखत कडाडले, "बघा! वाट लावली पोरांनी. कुलपं ठोका."

"आठ दिवस द्या," सर म्हणाले. "माझी मुलं चोर नाहीत."

आठ दिवस ते शिडीवर चढून शोधत होते. व्यापार, कायदा, राज्यशास्त्र. "पुस्तक हरवलं तरी भावकीतच सापडतं," म्हणायचे. खाली शिडी धरून मी.

"तू एकटा थांबतोस बघ. बाकीचे पळाले साले."

गुपचूप परत ठेवता आलं असतं. पण माझा पेपर नवव्या दिवशी होता. पेपर झाला की ठेवू, असं मी ठरवलं.

पेपर देऊन धावत गेलो, तर कपाटांना कुलपं. काचेआडून पुस्तक मला दिसत होतं. सर काउंटरवर मुलांच्या पुस्तक-मागणीच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "शनिवारी नका येऊ आता. तास बंद झाला."

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्यांच्या खुर्चीत दुसरेच गृहस्थ होते. सर सुट्टीत गेले. हार्ट अटॅक.

घरी मी हे सगळं त्यांच्या नकलांसकट सांगतो. फक्त पुस्तक दडवणारा ‘आमचा एक मित्र’ असतो. परवा जेवताना धाकटीने विचारलं, "बाबा, मग त्या मित्राने सरांना सांगितलं का?"

"सांगणार होता गं," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.