लिझानची पांढरी बोटं

माझी नणंद लिझान खेकड्यांच्या कारखान्यात बावीस हंगाम उभी राहिली. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या आमच्या किनाऱ्यावरून एप्रिलमध्ये बोटी सुटल्या, की अर्धं गाव रबरी बूट चढवून तिथे जातं. लिझान खेकड्याची तंगडी एका झटक्यात मोडायची आणि मांस अख्खंच्या अख्खं बाहेर काढायची. तिच्यासमोर टेबलाच्या पलीकडे मार्जोलेन उभी असायची. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल शोधायची.

दोन हजार बावीसच्या हंगामात, मे महिन्यात, मार्जोलेन नाक ओढत कामावर आली. कोरोना तेव्हा गावात फिरतच होता. लिझानने विचारलं, तर ती म्हणाली, "घरी तपासलं गं सकाळी. काही निघालं नाही. थंडी बाधली असेल."

लिझानने विश्वास ठेवला. दुपारी तिला कोपऱ्यात बसवून दोघींचे ट्रे एकटीनेच भरले. चार दिवसांनी लिझान स्वतः तापाने आडवी झाली. नऊ दिवसांनी उठली आणि कामावर गेली.

जुलैत तिची बोटं बिघडली. बर्फाच्या पाण्यात हात घातले की ती मेणासारखी पांढरी पडत, मग निळी, मग लालबुंद, आणि रक्त परत येताना अशी कळ मारायची की ती ओठ चावून उभी राहायची. बोटं सुजली तेव्हा लग्नाची अंगठी तिच्या नवऱ्याने, ओनेझिमने, पकडीने कापली. मी तिचा हात धरला होता. पुढे कपडे वाळत घालायला हात दोरीपर्यंत पोचेनात, पाव घशात अडकायला लागला. गावातले डॉक्टर म्हणाले, पाळी जायचं वय आहे. दुसऱ्यांदा गेली तर उदासपणावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

अकरा महिन्यांनी मोंक्टन शहरातल्या सांधेतज्ज्ञ बाईंकडे नंबर लागला. त्यांनी भिंगातून नखांची मुळं पाहिली, आठ नळ्या भरून रक्त काढलं. पुढच्या खेपेला नाव सांगितलं: मिश्र संयोजी ऊतींचा आजार. सांधे, स्नायू, कातडी, अन्ननलिका, या सगळ्यांना बांधून ठेवणारं शरीरात जे असतं, त्याच्यावर शरीराची राखण करणारेच तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावं, तसं.

लिझानने विचारलं, कोरोनामुळे झालं का?

"विषाणूशी लढायला उठलेलं सैन्य कधीकधी माघारी जात नाही, घरच्यांवरच वळतं," बाई म्हणाल्या. "काही रुग्णांत तसं दिसलंय. पण तुमचं त्यानेच झालं, असं मी शपथेवर नाही सांगू शकत."

परतीच्या वाटेवर गाडीत लिझानने हातमोजे चढवले. मग म्हणाली, "चोर बाहेरचा असता तर दाराला कडी तरी घातली असती गं."

मलेरियावर देतात ती गोळी आणि स्टेरॉइड सुरू झाले. चेहरा फुगला, पण घास उतरायला लागला. पुढच्या एप्रिलला तिने कारखान्यात कोरडं काम मागितलं, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. तोवर मार्जोलेन मुकादम झाली होती. मॅनेजर तिला विचारणार म्हटल्यावर लिझान निर्धास्त होती.

आठवड्याने मॅनेजरने कागद पुढे ठेवला. लिझानचे हात आजारपणाच्या आधीपासूनच दुखत होते आणि ती नेहमीच हलकं काम शोधायची, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही मार्जोलेनची. लिझानने तो दोनदा वाचला आणि ती घरी आली.

त्या रविवारी मार्जोलेन कोंबडीच्या रश्श्याचं, आमच्या फ्रिकोचं, पातेलं घेऊन आली. मी ताटं पुसत होते.

"मॅनेजरने आधीच ठरवलं होतं. मी नुसती सही केली," ती म्हणाली.

"माझे हात आधी दुखायचे?"

"नाही."

"मग?"

मार्जोलेन रडायला लागली. कारखान्यातून दुखणं लागलं असं ठरलं, तर ते आणलं कोणी हे विचारतील, असं काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "त्या सकाळी चाचणीत दोन रेघा आल्या होत्या, लिझान. हिवाळ्यात काम नसताना सरकार भत्ता देतं, त्याला माझे कामाचे तास कमी पडत होते."

ओनेझिम खुर्चीवरून उठला. लिझानने त्याला हातानेच बसवलं.

"हे दुखणं कशाने झालं, ते डॉक्टरांना सांगता येत नाही," ती म्हणाली. "ते मी मान्य केलंय. तू मला खोटं का सांगितलंस, ते तर तुला सांगता येईल. माझ्याकडे दोन दिवस मागितले असतेस, तर तेवढे तास मी तुझ्या नावावर उभी राहिले असते."

पातेलं तिथेच ठेवून मार्जोलेन गेली. ओनेझिमने ते उघडलंही नाही.

कागद मार्जोलेनने बदलला नाही. कोरडं काम मिळालं नाही. लिझान आता बंदरावरच्या कचेरीत फोन घेते, हीटरशेजारी बसून. आजार तिथेही उतरू शकतो म्हणून दरवर्षी फुप्फुसं तपासून येते, अजून तरी ती साफ आहेत. दुकानात मार्जोलेन दिसली तर तिच्याकडे बघते आणि पुढे जाते.

परवा मी विचारलंच, माफ केलंस का.

"शरीराला केलं," ती म्हणाली. "त्याला कळत नव्हतं."

मग चहा मलाच ओतायला सांगितला. भरलेली किटली तिला अजून उचलवत नाही.