भाऊजींचं ओलं लाकूड

"हे गेले, कुंदा," ताई फोनवर म्हणाली. मग जरा थांबली आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, "तू ये. आणि येताना जाड स्वेटर आण. घरात गारठा आहे."

माझ्या बहिणीचे यजमान प्रभाकरभाऊजी गेल्याची बातमी मला अशी कळली. जानेवारी महिना होता. मी सॅक्रामेंटोच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात काम करते. हातातलं काम दुसरीवर सोपवून गाडी काढली आणि उत्तरेचा बर्फाळ घाट ओलांडून ओरेगनमधल्या त्यांच्या गावी पोचले. घरात शिरले, तर तिथल्या चिमुकल्या मराठी मंडळातली मंडळी अंगावरचे कोटसुद्धा न काढता गोल करून बसलेली. मध्यभागी भाऊजींचा लाकडं जाळायचा स्टोव्ह, थंडगार. कुणीतरी त्याच्या डोक्यावर भाऊजींचा फोटो ठेवून हार घातला होता, म्हणजे पेटवायची सोयच ठेवली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष गद्रे हात चोळत म्हणत होते, "काय तो अग्नीचा अभ्यास! आता त्यांच्याशिवाय हा स्टोव्ह कोण पेटवणार?" सगळ्यांनी मिळून सुस्कारा सोडला. तोंडातून वाफा निघाल्या. ताई कोपऱ्यात हनुवटीपर्यंत शाल ओढून खाली बघत बसली होती. मला वाटलं, दुःख... ते काय होतं, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

त्यानंतर मंडळाच्या पत्रिकेत गद्र्यांनी भाऊजींवर दोन पानं लिहिली. ऋषितुल्य, निसर्गाशी एकरूप, स्वच्छ ज्वलनाचे पुरस्कर्ते. ती दोन पानं वाचून मी हा लेख लिहायला घेतला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. पण मग ते निदान त्याच माणसाबद्दल असावं.

स्टोव्ह म्हटल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पंप मारायचा पितळी स्टोव्ह येईल. हा तो नव्हे. ही दिवाणखान्यात ठेवायची, जाड लोखंडाची, दार असलेली बंद पेटी. आत ओंडके जाळायचे, धूर नळकांड्यातून छपरावर, ऊब घरात. त्या भागात लाकडाच्या गिरण्या असल्यामुळे घरोघर अशी पेटी असते. आणि गाव आहे डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत. थंडीत वारा पडला, की वर झाकण ठेवल्यासारखा सगळ्या गावाचा धूर गावावरच बसून राहतो. सकाळी समोरचं घर दिसत नाही, आणि ज्याला दमा आहे त्याला धुराशिवाय दुसरं काहीच दिसत नाही. ताईला दमा आहे.

भाऊजी तिथल्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे. त्यांची पहिली पेटी सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मोठी आणि गल्लीत सगळ्यांत जास्त धुरकट होती. लाकूड तोडलं, की त्याच हंगामात जाळायचं. एखादं वर्ष रचून, झाकून, वाळवत ठेवणं हे त्यांच्या मते दुकानदारांनी पसरवलेलं थोतांड. ओलं लाकूड आत फसफसायला लागलं, की ते कौतुकानं म्हणायचे, "ऐका, लाकूड बोलतंय." लाकूड बोलत नव्हतं. त्यातलं पाणी उकळत होतं. आणि झोपायच्या आधी दोन जाडे ओंडके घालून आत हवा सोडणारी खिटी पूर्ण बंद करायची, हा त्यांचा नेम. कोकणात त्यांची आई निखारे राखेत झाकून ठेवायची आणि सकाळी त्यांवरच चूल पेटवायची, त्याची ही आवृत्ती. आई मूठभर निखारे झाकायची. हे अर्धं झाड कोंडायचे. ते रात्रभर घुसमटायचं आणि त्याच्याबरोबर माझी बहीणही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "माझी आई जन्मभर चुलीपुढे बसली."

"आणि जन्मभर खोकली," असं मी एकदा म्हणाले. त्यांनी रेडिओ मोठा केला.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गावानं नियम आणला. हवा कोंडलेली असेल त्या दिवशी रेडिओवर सांगणार, आणि त्या दिवशी कमी धुराचा म्हणून राज्यानं तपासून शिक्का दिलेला स्टोव्ह असेल तरच पेटवायचा. हवा फारच वाईट असेल तर तोही नाही. भाऊजींनी आधी हा नियम म्हणजे स्वातंत्र्यावर घाला असल्याचं जाहीर केलं. पलीकडे राहणाऱ्या हेलन नावाच्या म्हातारबाईनं त्यांच्या नळकांड्याकडे बोट दाखवून नगरपालिकेचा माणूस बोलावला, तेव्हा ती म्हातारी वर्णद्वेष्टी ठरली. हेलन आठवड्यातून दोनदा ताईला सूप आणून द्यायची, ही गोष्ट या सिद्धान्तात बसत नव्हती, म्हणून ती त्यांनी सोडून दिली. शेवटी ताईच एका सकाळी म्हणाली, "नवा स्टोव्ह येणार नसेल, तर पुढचा हिवाळा मी कुंदाकडे काढते. त्याच्या पुढचाही. नंतरचं नंतर बघू." ताई आवाज न चढवता बोलते. भाऊजींना कळलं, ही खरंच जाईल, आणि पोळ्या कोण करणार?

नवा स्टोव्ह निवडायला त्यांनी सबंध उन्हाळा घेतला. सुटीत मी गेले होते, तर मलाही बरोबर नेलं. प्रत्येक स्टोव्हच्या पाठीला एक पाटी लावलेली असायची. तासाला किती धूर सोडतो आणि लाकडातली किती ऊब घरात देतो, ते तीवर लिहिलेलं. वाचता येणाऱ्या कुणालाही कळेल असं. भाऊजी पाटी वाचत नव्हते. ते बोटांच्या पेरांनी लोखंड ठोकून आवाज ऐकत होते, मंडईत नारळ घेतल्यासारखा. दुकानातल्या बाईनं विचारलं, घर केवढं आहे? भाऊजींनी तिलाच विचारलं, "तीस माणसं बसली तर?" ती गोंधळली. मी मराठीत म्हटलं, "भाऊजी, तीस माणसं वर्षातून दोनदा येतात. गणपतीला आणि होळीला. आणि तीस माणसं एका खोलीत बसली, तर खिडकी उघडावी लागते." दुकानवालीचंही म्हणणं तेच होतं : लहान घराला लहान स्टोव्ह घ्या आणि मोकळेपणानं पेटवा, मोठा घेतलात, तर उकडेल म्हणून सारखा कोंडून ठेवाल, आणि कोंडला की तो धुमसणार, मग पाठीवरच्या पाटीला काही अर्थ नाही. भाऊजी हसले. "मेव्हणीबाई, तुम्ही रक्त तपासा. उष्णता आम्हाला कळते."

लग्नाचं पातेलं घेऊन रोज दोघांचं वरण करावं, तसा तो स्टोव्ह आला. सगळ्यांत मोठा. त्यात धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी एक नाजूक जाळी होती. ती चांगली तापली, की धूर तिच्यातून जाता जाता जळून जाणार, अशी योजना. म्हणजे आधी खणखणीत आग हवी, आणि आत लाकडाशिवाय काही जाता कामा नये. भाऊजींनी त्यात ओलं लाकूड घातलं, हवा बंद केली आणि राज्याचा शिक्का जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवला. जाळी कधी तापलीच नाही. ताई खोकत राहिली.

आणि मग मार्चमध्ये होळी आली. मागच्या अंगणात उघड्यावर जाळायला बंदी. भाऊजींनी मंडळाला जाहीर केलं, की यंदा होळी दिवाणखान्यात, शिक्कामोर्तब झालेली, कायदेशीर. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. असे प्रसंग मी चुकवत नाही. बायकांनी पुरणपोळ्या केल्या. भाऊजींनी सोवळं नेसून स्टोव्हला हळदकुंकू लावलं, आत तूप ओतलं, पुरणपोळीचा नैवेद्य टाकला, आणि मग एक अख्खा नारळ घालून दार लावून खिटी ओढली. गद्रे मंत्र म्हणत होते. मी एवढंच म्हटलं, "फोडून तरी घाला."

"होळीत नारळ अख्खाच घालतात," भाऊजी म्हणाले. "तुमचं सायन्स बाजूला ठेवा जरा."

होळीत अख्खाच घालतात, खरं आहे. पण होळी मैदानात असते. कोंडलेल्या पेटीत नारळातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेचं काय होतं, हे भाऊजी सोमवार ते शुक्रवार पगार घेऊन शिकवत होते. दणका असा झाला, की गद्रे मंत्र अर्धा सोडून सोफ्यामागे गेले. स्टोव्हच्या दाराची काच तडकली, जाळीचा चुरा झाला, आणि खोलीभर धूर, राख आणि खोबरं. कुणाचा तरी सात-आठ वर्षांचा मुलगा टाळ्या पिटत ओरडला, "अंकल, डू इट अगेन!" भाऊजी राखेनं माखलेले उभे होते. म्हणाले, "नारळ नासका निघाला."

ताई कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. ती हातात दम्याचा पंप घेऊन हेलनच्या स्वयंपाकघरात श्वास सापडायची वाट बघत होती. मी गेले, तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. हेलन तिची पाठ चोळत होती. दम परत आल्यावर ताईनं पहिलं वाक्य उच्चारलं, ते असं : "पुरणपोळ्या झाकल्यास का?" आणि दुसरं, "आता स्टोव्ह मी आणणार."

आणला. दोन दिवसांनी त्याच दुकानात आम्ही दोघी गेलो. तिनं पाट्या वाचल्या, घराचं माप सांगितलं आणि तासाभरात लहानसा, जाळीबिळी नसलेला, वरून गरम हवा सोडून धूर जागीच जाळणारा स्टोव्ह पसंत केला. भाऊजी आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून बसले. नंतर त्यांनी तो आपल्या ताब्यात घेतला. ओलं लाकूड, बंद खिटी, सगळं पूर्ववत. आणि तरीही पुढच्या दोन हिवाळ्यांत हेलनची तक्रार आली नाही, नळकांड्यातून दिवसभर नुसती उन्हाळ्यासारखी हवा थरथरताना दिसायची, आणि ताईचा खोकला उतरला. भाऊजींनी याचा जो अर्थ लावला, तो तुम्ही ओळखला असेल. त्यांनी मंडळात स्लाइड्स दाखवून भाषण दिलं : स्वच्छ ज्वलनाचे कोकणी तंत्र. गद्र्यांनी शाल-श्रीफळ दिलं. ते श्रीफळ मी ताबडतोब स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

...भाऊजी गेले, तेव्हा मी तेराव्यापर्यंत राहिले. रोज माणसं येत, कोट घालून बसत, थंड स्टोव्हला नमस्कार करत, काकडत घरी जात. दिवस झाले, शेवटची गाडी वळली, आणि मी म्हटलं, "ताई, आता मी फोटो हलवते आणि काय जमेल ते करते. तुझी छाती भरून येईल या गारठ्यानं."

"तू नको. तुला नाही जमणार," ती म्हणाली आणि उठून कपडे धुवायच्या खोलीत गेली. धुलाईयंत्राच्या मागे, तांदळाच्या पोत्याच्या आड, बारीक चिरलेल्या लाकडांची व्यवस्थित चळत होती. एकमेकांवर आपटली, तर टणटण वाजणारी. चांगली दीड-दोन वर्षं वाळलेली. हेलनचा मुलगा आणून द्यायचा म्हणे. तिनं खिटी पूर्ण उघडली, काड्या रचल्या, एकच काडी ओढली. मी चहा टाकून येईपर्यंत आत पिवळीधमक आग होती आणि काच लख्ख.

"रोज सकाळी हे कॉलेजात गेले, की खिटी उघडायची," ती हात शेकत म्हणाली. "ह्यांनी कोंडलेलं सगळं जळून जायचं. मग दिवसभर हे सुकं लाकूड. संध्याकाळी हे यायच्या आत आग परत तयार. ह्यांच्याकडे फक्त झोपायच्या आधीचं."

"आणि त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर ह्यांनी लाकूड वाळवायची नवी पद्धत शोधली असती."

"मग इतके दिवस का नाही पेटवलास? लोक काकडत होते. तूसुद्धा."

ताईनं शाल काढून घडी केली. "गद्रे म्हणाले ना, त्यांच्याशिवाय कोण पेटवणार. म्हटलं, बसा मग."

झोपायच्या आधी ती मागच्या दारातून बाहेर गेली आणि भाऊजींच्या ढिगातला एक ओंडका घेऊन आली. त्यांनी शरद ऋतूत तोडलेला, ओला, जड, सालीवर बर्फ चिकटलेला. स्टोव्हमध्ये घातला आणि खिटी बंद केली. मी म्हटलं, "ताई, काय करतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग सकाळी मी काय उघडू?"

सकाळी उठून बघते, तर काच काळीकुट्ट, आणि ताई तिच्यापुढे बसून ओल्या वर्तमानपत्राला राख लावून ती घासतेय. घासता घासता नेहमीच्या आवाजात बोलणं चालू होतं : "किती वेळा सांगायचं, अहो, एवढं कोंडू नका म्हणून..."

मी परत येऊन आता महिना झाला. रविवारी फोन करते. रेडिओवर मनाई असेल त्या दिवशी ती काही पेटवत नाही. एरवी रोज रात्री एक ओंडका, आणि पंप उशाशी. मी तिला स्पष्ट सांगितलं, की तुझ्या छातीला हे चांगलं नाही. एवढंच असेल, तर तो ढीग नीट झाकून ठेव. पुढच्या थंडीपर्यंत आपोआप वाळेल, मग ते लाकूडही स्वच्छ जळेल आणि काच काळी होणार नाही.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "म्हणून तर आत्ताच वापरतेय."