सामंत बाई आणि माझी 'मैत्रीण'

सामंत बाई काल गेल्या, आणि मी त्यांच्याशी शेवटपर्यंत चुकीचं व्याकरण बोललो.

सानपाड्याच्या शाळेत त्यांनी मला आठवीत मराठी शिकवलं. मागच्या बाकावर बसून पानंच्या पानं निबंध लिहिणारा मुलगा, एवढंच त्यांना माझ्याबद्दल माहीत असेल असं मला वाटायचं.

खूप वर्षांनी सीवूड्सच्या मॉलमध्ये भेटल्या. सरकत्या जिन्याला घाबरून खालीच उभ्या होत्या. हात धरून वर नेलं. वर पोचल्यावर पहिला प्रश्न, "लिहितोस का रे अजून?"

"मी नाही, बाई. माझी एक मैत्रीण लिहिते. ई-बुक्स. स्वतःच पब्लिश करते."

"मग पाठव की. रिटायर माणसाला काय काम?"

आता ही ई-बुक्स कसली, तर रात्री पुरुष म्हणून झोपलेला माणूस सकाळी बाई होऊन उठतो, असल्या गोष्टींची. कधी शाप, कधी मशीन, कधी खाडीतला जुना देव. इंग्रजीत असल्या पुस्तकांचा ढीग आहे. मराठीत मला कुठे सापडली नाहीत, म्हणून माझ्या 'मैत्रिणी'ने लिहायला घेतली.

एक पुस्तक पाठवून दिलं. दोन दिवसांनी फोन आला. ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. वाटलं, आता कान उपटणार.

"'मी आरशासमोर उभा राहिलो आणि किंचाळले.' हे काय आहे?"

"बाई, तिथे तो... बदलतो."

"ते कळलं रे. पण 'राहिलो' आणि 'किंचाळले' यांच्या मधे नक्की कुठे? मैत्रिणीला विचार, आधी अंग बदलतं की क्रियापद?"

"विचारून सांगतो."

"विचार. मला वाटतं, क्रियापद आधी बदलत असणार. मनातल्या मनात. अंगाचं काय, नंतर बघता येतं."

फोन ठेवल्यावर मी त्या जिन्यातच फाइल उघडून 'उभा राहिलो'चं 'उभी राहिले' केलं.

त्यानंतर प्रत्येक पुस्तक बाईंच्या हाताखालून गेलं. कव्हरवर मी फुकटच्या ॲपमधली गाऊनवाली गोरी मॉडेल टाकली, तर म्हणाल्या, "ही कोण? तुमची नायिका जुईनगरची ना?"

प्रमोशनचं तर विचारूच नका. मी टोपणनावाच्या प्रोफाइलवरून वाचकांच्या ग्रुपात लिंक टाकायचो, ॲडमिन काढून टाकायचा. पुस्तक फ्री ठेवलं की लोक डाउनलोड करायचे, पूर्ण वाचायचे, आणि 'विकृत' म्हणून एक स्टार देऊन जायचे.

बाईंनी मग स्वतःच्या खऱ्या नावाने रिव्ह्यू टाकला. "शुद्धलेखन निर्दोष. गोष्टही चांगली आहे."

शुद्धलेखन त्यांनीच तपासलेलं!

एवढ्यावर थांबल्या तर त्या बाई कसल्या. नेरुळच्या बागेत त्यांचा हास्यक्लब भरायचा. तिथल्या समस्त आजी-आजोबांच्या मोबाइलवर त्यांनी पुस्तक उतरवून दिलं. माझी टरकली.

"बाई, माझं नाव नाही ना घेतलं?"

"तुझं कशाला घेऊ? म्हटलं, लेखिका जरा लाजाळू आहे."

एकदाच रागावल्या. "दर वेळी शेवटी तिचा परत पुरुष का करते तुझी मैत्रीण? राहू दे की तिला तशीच."

"वाचकांना तसंच आवडतं, बाई. सेफ असतं."

"आणि मैत्रिणीला?"

मी विषय बदलला. सोसायटीच्या पाण्याचं काहीतरी बोललो.

गेल्या महिन्यात त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. बोलताना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाल्या, "एकदा मैत्रिणीला घेऊन ये ना. मला बघायचंय तिला. दुपारी ये, दुपारी इथे कोणी नसतं."

त्यांना माहीत होतं. कदाचित आठवीपासून माहीत होतं. आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, तेही मराठीत.

मी म्हटलं, "आणतो."

मग ऑफिसचं काम निघालं, मग मला बरं नव्हतं. खरं सांगायचं तर एक लेडीज कुर्ता घेऊन ठेवला होता, आणि तो घालून करंजाड्याच्या घरून हॉस्पिटलपर्यंत जायची हिंमत झाली नाही. तसं रोजच्या शर्ट-पँटमध्ये जाऊनही बोलता आलं असतं. बाईंनी कपडे कुठे मागितले होते?

काल स्मशानात त्यांची मुलगी, स्मिताताई भेटली. रडून डोळे सुजलेले.

"आई सारखी विचारायची रे, 'त्याची मैत्रीण आली का?' तुम्ही दोघं लग्न करताय ना? एकदा आणायचं होतंस तिला. तेवढीच खूश झाली असती."

मी घाईघाईत बाहेर पडलो.

आज ही पोस्ट लिहायला बसले.

हो, बसले. टायपो नाही.

ती पुस्तकं माझी आहेत. ती मैत्रीण मीच आहे. ऑफिसमधले वाचतील, सोसायटीतले वाचतील. आई, तूसुद्धा वाचशील. तुला संध्याकाळी फोन करते, तोवर कोणाचं ऐकून घाबरू नकोस.

ज्या बाईंना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना सोडून आता सगळ्या जगाला सांगतेय. याचं फार वाईट वाटतंय, आणि ते कमी होईल असं वाटत नाही.

बाई, तुम्ही खूप वाट पाहिलीत. मीच उशिरा आले.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.