बहिणीच्या गोळ्या मी बंद केल्या

ही गोष्ट सांगायचं मी वीस वर्षं टाळलं. कुणी विचारलंच, तर ‘तिने मध्येच औषध सोडलं’ म्हणून मोकळा व्हायचो. तिने सोडलं नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीला आवाज ऐकू यायचे. आपल्या खाण्यात कुणीतरी काही कालवतंय असं वाटायचं. वर्षभर आम्ही अंगारे-उतारे करत बसलो, मग कुठे नाशिक रोडच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत ती पुन्हा शिलाई मशीनवर बसली. एवढं झाल्यावर गप्प बसावं की नाही? पण आत्याने सटाण्याचं स्थळ आणलं.

गोळ्यांमुळे बहिणीचे हात थरथरायचे. आत्या म्हणाली, “पोह्यांच्या बशा अशा वाजल्या तर पाहुणे चहालाही थांबायचे नाहीत. पंधरा दिवस बंद कर ते औषध. लग्न झालं की होतं सगळं सुरळीत.”

लग्न म्हणजे औषध! आणि हे मी ऐकलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लेखी परवान्याशिवाय साध्या व्हॉल्व्हला हात न लावणारा मी. घरी डॉक्टरांना एक फोन करायचं सुचलं नाही.

“दादा, गोळ्या थांबल्या की ते परत बोलायला लागतात रे,” बहीण म्हणाली.

“पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?” मी डाफरलो आणि गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या.

पाहुणे आले. हात अजिबात थरथरले नाहीत. आत्या खुशीत. तेवढ्यात बहिणीने मुलाच्या आईच्या हातातली बशी हिसकावली. “खाऊ नका! यात कालवलंय!”

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात भरती करावं लागलं.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” डॉक्टर चिडले होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“मीच.”

मग तिलाच ओरडा बसला. “हात थरथरतात एवढंच ना? त्यावरही उपाय असतो. डोस बदलता येतो. विचारायचं तरी!” मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. मान डोलावत होतो, काय म्हणावं या माणसाला!

सावरायला तिला दोन वर्षं लागली. अजूनही दर महिन्याला मी तिच्यासोबत तपासणीला जातो. बाकावर बसलो की घसा खाकरतो.

“पाणी देऊ का, दादा?”

“नको,” म्हणतो. म्हणायचं असतं ते एवढंच, की गोळ्या मी बंद केल्या, ओरडा तू खाल्लास, माझं चुकलं.