नावेतलं भांडण

दूधगंगेवर पूल नव्हता तेव्हा मी बोरगावच्या शाळेत शिकवायला नावेनं जायचो. नाव एका नवराबायकोची. तो वल्हं मारायचा, ती डब्यानं पाणी उपसायची आणि दोघं या काठापासून त्या काठापर्यंत भांडायची. मला वैताग यायचा.

एकदा नदी फुगली होती. कालवणातल्या मिठावरून भांडण जुंपलं आणि मधोमध नाव गरकन फिरली. दोघं एकदम गप्प. ती बोटानं दिशा दाखवू लागली; तो पाण्याकडं न बघता तिच्या बोटाकडं बघून वल्हं मारत होता.

मी घाबरून म्हणालो, "आक्का, काहीतरी बोला की!"

"काठ येऊ दे, मास्तर."

नाव काठाला लागली. तिनं भिजलेला पदर पिळला नि नवऱ्याकडं वळली.

"हां, मीठ न्हाय म्हणालासा न्हवं?"

शाळेला उशीर झाला होता. तरी ते भांडण पुरतं ऐकूनच मी निघालो.